बासरी : इसम एक

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील तमाम नागरिक, वधूपक्ष, वरपक्ष, घोडेवाले, आचारी आणि भटजी यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, यापुढे कोणत्याही वरातीत बँडमधील सर्व वादकांची नावे, त्यांच्या वडिलांच्या नावासह, माइकवरून जाहीर झाल्याशिवाय नवरदेवाला घोड्यावरून खाली उतरता येणार नाही. हा सरकारचा आदेश नाही. सरकारचा असता तर कुणी वाचलाही नसता. हा आदेश बापू नलवडे यांचा आहे, आणि तो मोडण्याची हिंमत आजवर फक्त एका घोड्याने केली आहे.

तो घोडा मी पाहिला आहे, कारण त्या वेळी माइक माझ्या हातात होता. माइक बहुतेक वेळा माझ्याच हातात असतो. माझा धंदाच तो आहे. लग्न, एकसष्टी, सेवानिवृत्ती, पतसंस्थेच्या शाखेचं उद्घाटन, काहीही असो, "आपल्यामध्ये उपस्थित आहेत" एवढं म्हणून मी एकदा सुरू झालो की जेवणाची पहिली पंगत बसेपर्यंत थांबत नाही. आमच्याकडे लग्न भटजी लावत नाहीत, यादी लावते. आजी चेअरमन, माजी चेअरमन, होऊ घातलेले चेअरमन, सरपंच, उपसरपंच, नवरीच्या मावशीचे दीर जे साखर कारखान्यात शेतकी खात्यात आहेत. एखादं नाव राहिलं तर तो माणूस जेवतो, पण पुढची दहा वर्षं बोलत नाही. मुहूर्त टळला तर चालतो, नाव टळलेलं चालत नाही.

बापूंनी नेमकं हेच हेरलं.

"तू माजी उपसरपंचाचं नाव घेतोस," ते मला म्हणाले, "त्या माणसानं आज काय केलं? खुर्चीवर बसला. आणि हा क्लॅरिनेटवाला स्टँडपासून मांडवापर्यंत गाल फुगवत आला, त्याचं नाव काय?"

"मला काय माहीत, बापू?"

"मग विचार की गड्या. जिभेला हाड हाय का?"

तेव्हापासून ते वही घेऊन वरातीच्या आडवे उभे राहू लागले. माधवनगरच्या त्या लग्नात बँडमध्ये चौदा माणसं होती. नवरदेव घोड्यावर, करवल्या उन्हात, आणि बापू शांतपणे एकेकाला विचारतायत. "ताशा? रफिक. वडील? दस्तगीर. लिहिलं. पुढं या." नवव्या वादकाला घोड्याचा संयम संपला. तो नवरदेवासकट वळला, मांडवाला वळसा घालून मागे आचाऱ्यांकडे गेला आणि चिरून ठेवलेल्या कोबीत त्यानं तोंड घातलं. नवरदेव वरून ओरडत होता. नवरीचे वडील धावले. बापूंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "घोडा यील माघारी," ते म्हणाले. "हां, खुळखुळा कोण वाजवतंय?"

आता तुम्ही विचाराल, हे बापू कोण? तर बापू नलवडे हे सिनेमाचे संगीतकार आहेत. मूळचे कोरेगावकडचे, लग्नानंतर माधवनगरला आले ते कायमचे. अकरा सिनेमांना त्यांनी संगीत दिलं. त्यातले सहा डब्यातच राहिले, चार लागले, आणि एक असा चालला की त्यातलं एक गाणं अजून थांबायला तयार नाही. त्या गाण्याचे शब्द मी इथे लिहीत नाही. लिहिले तर तुम्ही गुणगुणायला लागाल आणि माझा मजकूर अर्धा राहील. हळदीत जे वाजतं, वरातीत जे वाजतं, ज्याच्या सुरुवातीला बासरी आहे, ते. आठवलं ना? झालं. आता निदान पान संपेपर्यंत तोंड मिटून वाचा.

बाकीच्या सिनेमांबद्दल बापू हातचं राखून बोलतात. एका निर्मात्याने त्यांना भर पावसाळ्यात महाबळेश्वरला नेऊन ठेवलं होतं. हॉटेल स्वस्तात मिळत होतं आणि शांतताही मिळेल, असा त्याचा हिशेब. महाबळेश्वरचा आषाढ ज्याने ऐकला आहे तो ह्या शांततेवर काय म्हणायचं ते म्हणेल. पत्र्यावर असा पाऊस की पेटी बापूंच्या मांडीवर असून त्यांना ऐकू येईना. मग त्यांनी पट्टी चढवली. पाऊस वाढला, पट्टी आणखी चढली. पंधरा दिवसांनी ते खाली उतरले तेव्हा सातच्या सात गाणी अशी तयार झाली होती की त्यातलं प्रेमगीत ऐकूनही शेजारी भांडण सोडवायला यावेत. नायिकेला गाणाऱ्या बाईंनी रेकॉर्डिंगनंतर आठवडाभर मौन धरलं. ते मौन व्रताचं नव्हतं.

पण बापूंना तुम्ही गाण्याबद्दल चांगलं बोललात की ते खूश होत नाहीत. ते मान तिरकी करतात आणि विचारतात, "वाजवलं कुणी?"

हा त्यांचा मंत्र आहे. टीव्हीवर गाणं लागलं, वाजवलं कुणी? देवळात सनई लागली, वाजवलं कुणी? पुजारी म्हणाला, "बापू, ती पेन ड्राइव्ह आहे." बापू म्हणाले, "पेन ड्राइव्हला फुफ्फुस हाय का?" एकदा आमच्या गल्लीत रात्रपाळीहून आलेल्या कुणीतरी मोटारीचा हॉर्न दाबून धरला तेव्हा खिडकीतून बापूंचा आवाज आला, "वाजवतोय कोण?" आणि काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, आतून म्हणाल्या, "आवं, आता त्याचंबी नाव लिवणार हाय का तुमी?"

वादकांच्या हक्कांसाठी बापूंनी एक मंडळही काढलं आहे. कार्यालय त्यांच्याच ओसरीवर. सभासद तीन: बापू अध्यक्ष, जगू क्लॅरिनेट खजिनदार, आणि मी सचिव. मी वादक नाही असं मी पहिल्याच सभेत निदर्शनास आणून दिलं. बापू म्हणाले, "तू तोंड वाजवतोस, तेवढं पुरं." सभेचा एक कडक नियम आहे. फुकट वाजवायचं नाही. एकदा जगूने चर्चेच्या ओघात खुर्चीच्या हातावर दोन बोटं वाजवली. बापूंनी चर्चा थांबवली, त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि म्हणाले, "जगू, तुला ठरवलंय का कुणी?" जगूने बोटं खिशात घातली. त्या दिवसापासून तो सभेला हात खिशात घालूनच बसतो आणि चहा आला की त्याची पंचाईत होते.

मंडळाची मागणी फार मोठी नाही. पैशाबिशाचं मोठी माणसं बघतील, बापू म्हणतात, आपण नावाचं बघू. गाणं जिथे वाजेल तिथे वाजवणाऱ्याचं नाव झालं पाहिजे. आणि सुरुवात त्यांनी स्वतःच्याच गाण्यापासून केली. त्या गाजलेल्या गाण्यावर तेवीस वादकांनी काम केलं होतं. स्टुडिओतला वादकांचा तक्ता बापूंनी जपून ठेवला आहे. ढोलकी, हलगी, दोन व्हायोलिन, मँडोलिन, सगळी नावं त्यात आहेत. फक्त शेवटची ओळ सोडून. तिथे लिहिलंय: बासरी, इसम एक.

इसम. ज्या बासरीवर अख्खं गाणं उभं आहे, जी दोन जिल्ह्यांतल्या निम्म्या लोकांच्या मोबाइलमध्ये वाजते, ती वाजवणारा माणूस तक्त्यात इसम आहे. सिनेमाचं शूटिंग जतच्या बाजूला एका माळावर चाललं होतं, तिथे मेंढरं घेऊन आलेल्या एका धनगराने ती वाजवली आणि ध्वनिमुद्रकाने तिथेच टेपवर घेतली, एवढंच बापूंना ठाऊक. या एका ओळीवरून बापूंनी निर्मात्याच्या कारकुनाला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या कुणी आपल्या व्याह्यालाही दिल्या नसतील. "बैलगाडी जप्त केली तर पंचनाम्यात बैलाचा रंग लिहितात," ते म्हणायचे, "आणि ह्या बाजीरावाला माणसाचं नाव विचारवलं नाही." आता बापूंना पंच्याहत्तरावं लागलंय. मला त्यांनी निक्षून सांगितलं होतं, "ती ओळ रिकामी ठेवून मी जाणार नाही."

तर ते गाणं ज्या लग्नात वाजेल तिथे मी तेवीस नावं वाचायची, असा ठराव झाला. बावीस नावं मी वाचायचो. तेविसाव्याला बापूंची सूचना अशी: "बासरी, असं म्हणायचं आणि थांबायचं. नाव नसलं तरी जागा सोडायची. दोन क्षण."

शिरवळच्या लग्नात मी तसंच केलं. नवरदेव तिथल्या कारखान्यात इंजिनिअर, नवरी साताऱ्याची, मांडव मोठा, पाहुणे हजारभर. मी नेहमीपेक्षा जरा खर्जात गेलो. माझा खर्ज चांगला आहे, त्याला मी काय करू? म्हणालो, "...आणि बासरी. तीस वर्षांपूर्वी जतच्या माळावर ज्यांनी ही बासरी वाजवली, ज्यांचं नाव आपल्याला आजही ठाऊक नाही, त्या वादकासाठी दोन क्षण." आणि थांबलो.

पहिल्या रांगेतले एक निवृत्त सुभेदार ताडकन उठून सावधान उभे राहिले. लष्करातला माणूस, माइकवर असा आवाज आला की पाय आपोआप जुळतात. ते उभे राहिले म्हणून त्यांच्या शेजारचे चेअरमन उठले. चेअरमन उठले म्हणून कारखान्याचा सगळा स्टाफ उठला. मग अख्खा मांडव उठला. माना खाली. मी बोहल्याकडे पाहिलं तर नवरा-नवरीही माना खाली घालून उभे. भटजींनी अक्षतांचं ताट खाली ठेवलं. मागे आचाऱ्याने गॅस बारीक केला.

आता मला सांगा, अशा वेळी माइकवाल्याने काय करायचं? "बसा, कुणी गेलेलं नाही" म्हणायचं? मला धीर होईना. शांततेत मागून एका बाईंचा हुंदका ऐकू आला.

"कोन गेलं गं?" कुणीतरी कुजबुजलं.

"बासरीवालं गेलं म्हनं."

"आपल्यातलं हुतं का?"

"नवऱ्याकडचं असंल."

दोन मिनिटं झाली तरी सुभेदार हलले नाहीत, म्हणून कुणीच हललं नाही. शेवटी मला सुचलं तेवढं मी बोललो, "ओम शांती." हे मी बोलायला नको होतं. नवरीच्या आजीने पदर डोळ्याला लावला आणि नवरदेवाचा मामा हात जोडून बापूंना विचारू लागला की दहावा कुठे आहे.

बापू मात्र मंचाच्या कडेला उभे होते आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की जणू काही त्यांना राष्ट्रपतींनी पदक दिलंय. मला म्हणाले, "बघितलंस? एका वादकासाठी चेअरमन उभं राहिलं." मुहूर्त वीस मिनिटांनी टळला. माझं राहिलेलं मानधन मी मागायलाही गेलो नाही.

पण लग्नातला हा प्रकार कुणीतरी मोबाइलवर टिपला होता. अक्षतांऐवजी श्रद्धांजली, अशा नावाने तो दोन्ही जिल्ह्यांत फिरला. माझ्या सासुरवाडीनेही पाहिला. आणि चौथ्या दिवशी मला जतच्या बाजूने फोन आला. माणूस किराणा दुकानवाला होता आणि वैतागलेला होता.

"शिरवळच्या लग्नात बोलनारं तुमीच का?"

"हो. नमस्कार."

"नमस्कार ऱ्हाऊ द्या. तुमी कुनासाठी उभं ऱ्हायला? आमच्या माळावर शूटिंग झालं तवा मी हितंच हुतो. पावा वाजवनारा एकच गडी हुता. म्हाळाप्पा. त्यो काल माज्याकडनं तंबाखू घिऊन गेलाय."

मी धावत बापूंच्या ओसरीवर गेलो. जगू तिथे होता, हात खिशात. मी बातमी सांगितली. मला वाटलं, बापू उठून नाचतील, काकूंना हाक मारतील, वही मागतील. ते फक्त उठून उभे राहिले. मग म्हणाले, "वस्ती नक्की कुठं, सांगितलं का त्यानं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या गाडीतून आम्ही दोघं निघालो. बापूंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. मांडीवर पिशवी: शाल, नारळ, फेट्याचं कापड आणि प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये तो तक्ता. मिरज मागे पडलं, ऊस संपला, रान उघडं होत गेलं.  रस्त्यात एक टेम्पो कर्कश हॉर्न वाजवत गेला, तरी बापूंनी कोण वाजवतंय म्हणून विचारलं नाही.

कवठे महांकाळच्या पुढे मीच सुरुवात केली. "बापू, आज तो निर्मात्याचा कारकून इथे हवा होता. त्याला म्हाळाप्पाच्या पाया पडायला लावलं असतं."

बापूंनी फाइल उघडून माझ्यासमोर धरली. मी गाडी बाजूला घेतली. तक्ता पिवळा पडला होता. "अक्षर ओळखतोस?" ते म्हणाले.

ते अक्षर मी दर महिन्याला मंडळाच्या इतिवृत्ताखाली बापूंच्या शेऱ्यात पाहतो. लांब शेपटीचा 'स', गाठ मारल्यासारखा 'म'.

"कारकून नव्हता," बापू म्हणाले. "तक्ता मीच भरला. मुंबईच्या स्टुडिओत बसून. बाकीचे समोर होते, त्यांना विचारलं, लिहिलं. ह्याचं नाव मी माळावर विचारलंच नव्हतं. घाई होती, ऊन उतरत होतं. चहा पाजला आणि जा म्हणालो." मग म्हणाले, "आणि ती चाल माझी नाही. मी दुसरीच बांधून आणली होती. ह्यानं आपलं काहीतरी वाजवलं आणि माझी चाल मी खिशात घातली. तीस वर्षं लोक मला त्याच आठ सेकंदांसाठी हार घालतायत."

"मग कधी शोधला नाहीत?"

"दोनदा आलो. पहिल्यांदा माणसं मेंढरं घेऊन नदीकाठाला उतरलेली. दुसऱ्यांदा फाट्यापर्यंत आलो, टपरीवर चहा प्यायलो आणि माघारी फिरलो."

"का?"

"काय सांगणार होतो त्याला?"

  मी गाडी सुरू केली.

वस्ती म्हणजे तीन घरं, एक लिंब आणि काट्यांच्या कुंपणात कोकरं. म्हाळाप्पा लिंबाखाली एका कोकराच्या पायाचा काटा काढत बसला होता. सत्तरीचा असेल, अंगाने काटक, डोक्याला लाल पटका. त्याची बायको, गंगव्वा, दारात सुपात ज्वारी पाखडत होती. दोघांनी आमच्याकडे पाहिलं आणि आम्ही मतदार यादीवाले असू, असं ठरवून पुन्हा आपापल्या कामाला लागले.

बापू त्याच्यासमोर जमिनीवरच बसले. भाषण पाठ करून आले असावेत, पण ते राहिलं. मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि गाणं लावलं.

म्हाळाप्पाने कोकरू सोडलं. मान कलती करून ऐकू लागला. त्या बासरीत मध्येच एक ठिकाणी सूर थांबतो आणि पुन्हा उचलला जातो. त्या थांब्याबद्दल सांगलीत एका प्राध्यापकांनी तासभर व्याख्यान दिलेलं मी स्वतः ऐकलं आहे. विरहाची पोकळी असं काहीतरी त्यांनी म्हटलं होतं. तो थांबा आला तसा म्हाळाप्पा हसला.

"हितं बोकड त्या शिनमातल्या बाईच्या लुगड्याकडं चाललं हुतं," तो म्हणाला. "त्येला हाकलाय थांबलो."

बापू हसले की रडले ते मला नीट कळलं नाही. दोन्हीला त्यांचा चेहरा सारखाच होतो. त्यांनी तक्ता मांडीवर घेतला, पेन काढलं. "पूर्ण नाव सांगा," ते म्हणाले. "वडलांच्या नावासकट."

"कशाला? पेन्शन हाय का?"

"न्हाई. पावा तुमी वाजवलाय. चाल तुमची हाय. हितं तुमचं नाव पायजे हुतं, आन मी लिवलं न्हाई. चूक माझी हाय."

इतक्या वर्षांत मी त्यांना स्वतःबद्दल हा शब्द वापरताना प्रथमच ऐकलं.

म्हाळाप्पा जरा लाजला. नारळाकडे पाहिलं, शालीकडे पाहिलं, माझ्याकडेही पाहिलं. मग शाळेत हजेरी द्यावी तसं हळूच म्हणाला, "म्हाळाप्पा सिदू गडदे."

बापूंनी इसमावर एक आडवी रेघ मारली आणि त्याच्या वर, सावकाश, ते नाव लिहिलं. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचलं. माइक नव्हता, मांडव नव्हता. ऐकायला मी, दहा-बारा कोकरं आणि गंगव्वा.

दारात पाखडायचा आवाज थांबला होता. गंगव्वा सूप तसंच हातात घेऊन लिंबाखाली आली. तिने मोबाइलकडे पाहिलं, तक्त्यावरच्या ओल्या शाईकडे पाहिलं, नवऱ्याकडे तर बघवेना तिला. मग ती बापूंकडे वळली. पंच्याहत्तरीच्या थोर संगीतकारासमोर, वादक हक्क मंडळाच्या संस्थापक अध्यक्षांसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "तवाच यिऊन सांगाय काय झालं हुतं तुमास्नी? तीस वर्सं मी ह्या मानसाला थापाड्या म्हनत आले की."